युद्धस्मृतिविवाद, पूर्व आशियातील

युद्धस्मृतिविवाद, पूर्व आशियातील : जपानची वसाहतवादी राजवट (१८९५–१९४५) आणि दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्कराची कृत्ये यांच्या स्मरणावरून जपान, चीन व दक्षिण कोरिया या देशांत उद्‌भवलेले राजनैतिक वाद. युद्ध संपल्यावर तह होतात, सीमा आखल्या जातात व भरपाईच्या रकमा ठरतात; परंतु प्रत्यक्षात काय घडले, त्याला जबाबदार कोण आणि मृतांचे स्मरण कोणी, कोठे व कोणत्या शब्दांत करावे, हे प्रश्न तहाच्या कलमांनी सुटतातच असे नाही. पाठ्यपुस्तके, स्मारके, न्यायालयांचे निवाडे व राज्यकर्त्यांची भाषणे यांतून ते पुनःपुन्हा वर येतात. अशा वेळी शासने सामान्यतः पाच मार्ग अवलंबितात : पूर्वीच्या तहाचा आधार घेऊन प्रश्न मिटल्याचे सांगणे, पश्चात्तापाचे वा क्षमायाचनेचे अधिकृत निवेदन करणे, पीडितांसाठी निधी उभारणे, इतिहासकारांच्या संयुक्त समित्या नेमणे, आणि राजदूत परत बोलावणे किंवा व्यापारावर निर्बंध घालणे यांसारखे दडपण आणणे. पूर्व आशियात या पाचही मार्गांचा अवलंब झालेला असल्याने हा प्रदेश या विषयाच्या अभ्यासात विशेष महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी : चीन-जपान युद्धानंतर १८९५ मध्ये तैवान व १९१० मध्ये कोरिया जपानच्या साम्राज्यात समाविष्ट झाले. १९३१ मध्ये जपानी सैन्याने मँचुरिया व्यापला आणि ७ जुलै १९३७ रोजी मार्को पोलो पुलाजवळील चकमकीपासून चीनशी उघड युद्ध सुरू झाले. १३ डिसेंबर १९३७ रोजी चीनची तत्कालीन राजधानी नानकिंग जपान्यांच्या हाती पडली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत तेथे युद्धकैद्यांच्या व नागरिकांच्या कत्तली आणि स्त्रियांवरील अत्याचार मोठ्या प्रमाणावर झाले. टोकिओ येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने मृतांची संख्या दोन लक्षांहून अधिक मानली, चीनचे शासन ती तीन लक्ष सांगते, तर जपानी अभ्यासकांचे अंदाज याहून कमी व परस्परांपासून बरेच भिन्न आहेत. संख्येविषयीचा हा मतभेद पुढे कत्तल झाली किंवा नाही अशा निरर्थक वादाला आधार म्हणून वापरला गेला. वस्तुतः नागरिकांची हत्या व लूटमार झाली, ही गोष्ट जपानच्या शासनानेही अधिकृतपणे मान्य केलेली आहे.

युद्धानंतर टोकिओ न्यायाधिकरणाने (१९४६–४८) २५ नेत्यांना दोषी ठरविले आणि त्यांपैकी सात जणांना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी देण्यात आले. सम्राट हीरोहितो यांच्यावर मात्र खटला भरण्यात आला नाही. कोरियावरील वसाहतवादी राजवटीचा प्रश्नही या न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे आला नाही. जपानमधील काहींना हा खटला म्हणजे विजेत्यांनी पराजितांना दिलेला न्याय वाटला, तर ज्यांनी अत्याचार सोसले होते त्यांना तो अपुरा वाटला.

तह आणि भरपाई : ८ सप्टेंबर १९५१ रोजी झालेल्या सॅन फ्रॅन्सिस्को तहाने जपानचे सार्वभौमत्व पुन्हा प्रस्थापित केले, तो २८ एप्रिल १९५२ पासून अंमलात आला. ज्या चीन व कोरिया या देशांनी सर्वांत जास्त हानी सोसली, त्यांना या परिषदेत स्थान मिळाले नाही. चीनचे प्रतिनिधित्व कोणत्या शासनाने करावे यावर दोस्त राष्ट्रांत एकमत नव्हते, तर कोरियाला युद्धातील दोस्त राष्ट्र मानले गेले नव्हते. शीतयुद्धाच्या परिस्थितीत जपानला लवकर सावरू देणे अमेरिकेला आवश्यक वाटत असल्यामुळे भरपाईच्या अटीही सौम्य ठेवण्यात आल्या. ब्रह्मदेश (१९५४), फिलिपीन्स (१९५६), इंडोनेशिया (१९५८) व दक्षिण व्हिएटनाम (१९५९) यांच्याशी जपानने भरपाईचे स्वतंत्र करार केले.

दक्षिण कोरियाशी करार होण्यास १९६५ साल उजाडले. पार्क चुंग-ही (१९१७–७९) यांच्या लष्करी पार्श्वभूमीच्या शासनाला उद्योगांच्या उभारणीसाठी भांडवल हवे होते. जपानशी चाललेल्या वाटाघाटींविरुद्ध विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, तेव्हा जून १९६४ मध्ये सेऊल येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. २२ जून १९६५ च्या करारान्वये जपानने ३० कोटी डॉलर अनुदान व २० कोटी डॉलर सवलतीचे कर्ज देऊ केले आणि दोन्ही देशांतील व त्यांच्या नागरिकांमधील मालमत्ता व दाव्यांचे प्रश्न ‘संपूर्णपणे व अंतिमतः’ मिटल्याचे मान्य करण्यात आले. जपानने या रकमेस भरपाई न म्हणता आर्थिक सहकार्य म्हटले. तिचा मोठा भाग पोलाद कारखान्यासारख्या प्रकल्पांवर खर्च झाला. सक्तीने नेलेल्यांपैकी जे मरण पावले, त्यांच्या वारसांना १९७५–७७ या काळात प्रत्येकी ३ लक्ष वॉन तेवढे मिळाले.

चीनच्या बाबतीत २९ सप्टेंबर १९७२ रोजी काकुएइ तानाका (१९१८–९३) व चौ एन-लाय (१८९८–१९७६) यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात युद्धामुळे चिनी जनतेची जी मोठी हानी झाली तिची जबाबदारी जपानला तीव्रतेने जाणवते, असे नमूद करण्यात आले आणि चीनने युद्धभरपाईची मागणी सोडून दिली. या सर्व करारांत एक समान दोष राहिला. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना विचारात न घेताच शासनांनी त्यांच्या वतीने हक्क सोडले. पुढील काळातील बहुतेक विवादांचे मूळ या दोषात आहे.

पाठ्यपुस्तके : जपानमध्ये शालेय पुस्तके खाजगी प्रकाशक तयार करतात व शिक्षण मंत्रालय त्यांची तपासणी करून मान्यता देते. या तपासणीविरुद्ध इतिहासकार साबुरो इएनागा (१९१३–२००२) यांनी १९६५ पासून तीन खटले लढविले. ते १९९७ पर्यंत चालले. अखेरच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत वैध ठरविली. तथापि चीनमध्ये माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या लष्करी तुकडीचा उल्लेख वगळावयास लावणे बेकायदेशीर होते, असा निर्णय दिला. १९८२ च्या उन्हाळ्यात चीनवरील ‘आक्रमण’ या शब्दाऐवजी ‘आगेकूच’ हा शब्द घालण्यास मंत्रालयाने भाग पाडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या वर्षीच्या पुस्तकांपुरते हे वृत्त पूर्णपणे अचूक नव्हते, असे नंतर आढळून आले. परंतु तोवर चीन व दक्षिण कोरिया यांनी अधिकृत निषेध नोंदविला होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव कीइची मियाझावा यांनी शासनाच्या जबाबदारीवर दुरुस्ती करण्याचे आश्वासन दिले. त्यानुसार शेजारी देशांशी संबंधित अशा आधुनिक इतिहासाच्या मांडणीत आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा विचार ठेवावा, असे कलम तपासणीच्या निकषांत समाविष्ट झाले. २००१ मध्ये राष्ट्रवादी गटाने तयार केलेल्या पुस्तकास मान्यता मिळाली, तेव्हा पुन्हा वाद झाला. मात्र त्या वर्षी एक टक्क्याहूनही कमी विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचले. बाहेरील निषेधाइतकाच देशातील शिक्षक-पालकांचा विरोधही प्रभावी ठरतो, हे यावरून दिसून येते.

यासुकुनी मंदिर : टोकिओ येथील हे शिंतो मंदिर १८६९ मध्ये स्थापन झाले असून सम्राटासाठी मरण पावलेल्या सु. २४ लक्ष ६६ हजार व्यक्तींची नावे तेथे पूज्य मानली जातात. युद्धानंतरच्या संविधानाने राज्य व धर्म यांची फारकत केली आणि यासुकुनी एक खाजगी धार्मिक संस्था बनली. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी मंदिराने ‘अ’ वर्गातील १४ युद्धगुन्हेगारांची नावे गुप्तपणे त्या यादीत समाविष्ट केली. पुढील वर्षी ही गोष्ट उघडकीस आली. तेव्हापासून पंतप्रधानाने तेथे जाणे म्हणजे मृत सैनिकांस वंदन, की युद्धाच्या सूत्रधारांचे समर्थन, हा प्रश्न निर्माण झाला. १५ ऑगस्ट १९८५ रोजी यासुहिरो नाकासोने (१९१८–२०१९) यांनी अधिकृत भेट दिली. परंतु चीनमधील निदर्शनांनंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती टाळली. जुनिचिरो कोइझुमी यांनी २००१ ते २००६ या काळात दरवर्षी भेट दिल्यामुळे चीन व जपान यांच्यातील सर्वोच्च स्तरावरील परस्पर भेटी खंडित झाल्या. शिंझो आबे (१९५४–२०२२) यांच्या २६ डिसेंबर २०१३ च्या भेटीविषयी अमेरिकेनेही निराशा व्यक्त केली. त्यानंतरच्या वर्षांत अनेक पंतप्रधानांनी स्वतः न जाता केवळ पूजासाहित्य किंवा दक्षिणा पाठविण्याचा मध्यममार्ग पत्करला. सम्राट हीरोहितो यांची शेवटची भेट १९७५ मधील होय. युद्धगुन्हेगारांच्या समावेशामुळे आपण जाणे बंद केले, असे त्यांनी सांगितल्याची राजगृहातील एका अधिकाऱ्याची टिपणे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

लष्कराच्या वेश्यागृहांतील स्त्रिया : युद्धकाळात जपानी लष्करासाठी चालविण्यात आलेल्या वेश्यागृहांत कोरिया, चीन, तैवान, फिलिपीन्स, इंडोनेशिया इ. प्रदेशांतील स्त्रियांना फसवून अथवा बळजबरीने ठेवण्यात आले. जपानी भाषेत त्यांना ‘इआन्फु’ म्हणजे सांत्वन देणाऱ्या स्त्रिया असे सौम्य नाव होते. त्यांची एकूण संख्या निश्चित झालेली नाही. सुमारे अर्धशतक हा विषय लज्जेच्या व मौनाच्या आवरणाखाली राहिला. १९६५ च्या वाटाघाटींतही त्याला स्थान नव्हते. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन (१९२४–९७) या कोरियन वृद्धेने स्वतःच्या नावानिशी आपली हकीकत जाहीरपणे सांगितली आणि पुढील जानेवारीत जपानच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातील कागदपत्रांवरून लष्कराचा सहभाग प्रकाशात आला. शासकीय चौकशीनंतर ४ ऑगस्ट १९९३ रोजी मुख्य सचिव योहेइ कोनो यांनी निवेदन करून वेश्यागृहांच्या स्थापनेत व व्यवस्थापनात लष्कराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सहभाग होता आणि अनेक स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणण्यात आले, हे मान्य केले व क्षमा मागितली.

१९९५ मध्ये तोमिइची मुरायामा (१९२४–२०२५) यांच्या शासनाने ‘आशियाई महिला निधी’ स्थापन केला. प्रत्येक स्त्रीस २० लक्ष येन देण्याची त्यात तरतूद होती. मात्र ही रक्कम जनतेच्या देणग्यांतून उभारलेली होती. शासनाने वैद्यकीय साहाय्यास निधी दिला व पंतप्रधानाचे क्षमापत्र जोडले. १९६५ चा करार बाधित होऊ नये म्हणून योजलेली ही रचना अनेक कोरियन स्त्रियांना मान्य झाली नाही. त्यांना दान नको होते. राज्याने आपली कायदेशीर जबाबदारी मान्य करावी, ही त्यांची मागणी होती. जानेवारी १९९२ पासून सेऊलमधील जपानी राजदूतावासासमोर दर बुधवारी निदर्शने होऊ लागली व १४ डिसेंबर २०११ रोजी, हजाराव्या निदर्शनाच्या दिवशी, तेथे खुर्चीवर बसलेल्या अनवाणी मुलीचा पुतळा उभारण्यात आला. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी दक्षिण कोरियाच्या संविधान न्यायालयाने, या स्त्रियांच्या दाव्यांसाठी आपल्या शासनाने प्रयत्न न करणे संविधानविरोधी आहे, असा निर्णय दिला होता. म्हणजे शासनाला आता परराष्ट्राबरोबरच स्वतःच्या नागरिकांनाही उत्तर देणे भाग होते.

२८ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी समझोता जाहीर केला. जपानने क्षमायाचना करून शासकीय निधीतून १०० कोटी येन देण्याचे व दोघांनीही हा प्रश्न ‘अंतिमतः व अपरिवर्तनीयपणे’ मिटल्याचे मान्य केले. परंतु संबंधित स्त्रियांशी आधी विचारविनिमय झालेला नव्हता. हयात असलेल्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांनी रक्कम स्वीकारली, तर काहींनी ती ठामपणे नाकारली. डिसेंबर २०१६ मध्ये बूसान येथील जपानी वकिलातीसमोर दुसरा पुतळा उभा राहिल्यावर जपानने आपला राजदूत तात्पुरता परत बोलावला. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या नव्या शासनाने समझोत्यातून निर्माण झालेली संस्था विसर्जित करण्याचे ठरविले. दक्षिण कोरियाच्या शासनाकडे नोंद झालेल्या २४० स्त्रियांपैकी २०२५ मध्ये दहापेक्षाही कमी हयात होत्या. कराराच्या शब्दांवर शासने वाद घालीत असता ज्यांच्यासाठी करार व्हावयाचा त्या व्यक्ती एकेक करून काळाच्या पडद्याआड गेल्या, ही या प्रकरणातील सर्वांत खेदजनक बाब होय.

सक्तीचे मजूर व व्यापारनिर्बंध : युद्धकाळात कोरियन मजुरांना जपानमधील खाणींत व कारखान्यांत राबविण्यात आले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी पोलाद कंपनीने चार फिर्यादींना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यावेत, असा निकाल दिला. बेकायदेशीर वसाहती राजवटीशी निगडित अमानुष कृत्यांबद्दलची भरपाई १९६५ च्या कराराच्या कक्षेत येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. जपानच्या मते हा निकाल आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होता. जुलै २०१९ मध्ये जपानने अर्धसंवाहकांच्या उत्पादनास लागणाऱ्या तीन रासायनिक पदार्थांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले असले, तरी निकालाशी असलेला त्यांचा संबंध सर्वत्र गृहीत धरला गेला. दक्षिण कोरियात जपानी मालावर बहिष्कार पडला आणि लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार रद्द करण्याची सूचनाही देण्यात आली; ती नोव्हेंबरमध्ये स्थगित झाली. ६ मार्च २०२३ रोजी दक्षिण कोरियाने आपल्याच एका प्रतिष्ठानामार्फत, देशी उद्योगांच्या देणग्यांतून, फिर्यादींना रक्कम देण्याची योजना जाहीर केली. त्यानंतर निर्यातनिर्बंध मागे घेण्यात आले. राजनैतिक संबंध सुधारले, परंतु जपानी कंपनीचा सहभाग नसलेली ही रक्कम घेण्यास काही फिर्यादींनी नकार दिला.

चीनची भूमिका : माओच्या काळात चीनने जपानी लष्करशहा व सामान्य जपानी जनता यांत भेद केला आणि युद्धस्मृतींना फारसे प्राधान्य दिले नाही. १९८० नंतर हे धोरण बदलले. नानकिंग येथील स्मारकभवन १९८५ मध्ये खुले झाले. १९९४ पासून देशभक्तिपर शिक्षणाची मोहीम राबविण्यात आली व २०१४ मध्ये १३ डिसेंबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरला. २०१५ मध्ये युनेस्कोने नानकिंगविषयक कागदपत्रांची जागतिक स्मृतिलेखांत नोंद केली, तेव्हा जपानने पुढील वर्षी आपली वर्गणी काही काळ रोखून धरली. सेंकाकू (द्याओयू) बेटांवरील वादाने २०१२ मध्ये चीनमध्ये उग्र निदर्शने झाली. विजयाच्या ८० व्या वर्षी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, बीजिंगमध्ये मोठे लष्करी संचलन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान सानाए ताकाइची यांनी तैवानवरील बलप्रयोगामुळे जपानच्या अस्तित्वास धोका निर्माण होऊ शकतो, असे संसदेत म्हटले. त्यावर चीनने नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला, जपानी सागरी अन्नपदार्थांची आयात पुन्हा थांबविली आणि संयुक्त राष्ट्रांना लिहिलेल्या पत्रात १९४५ च्या पराभवाचा उल्लेख केला. स्मृतींचा विवाद वर्तमान सामरिक स्पर्धेत कसा मिसळतो, याचे हे उदाहरण आहे.

निवेदने व संयुक्त संशोधन : १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुरायामा यांनी वसाहतवादी राजवट व आक्रमण यांबद्दल तीव्र पश्चात्ताप व मनःपूर्वक क्षमायाचना व्यक्त केली. हे निवेदन मंत्रिमंडळाने संमत केलेले असल्याने नंतरच्या पंतप्रधानांना त्याचा आधार घ्यावा लागला. ८ ऑक्टोबर १९९८ रोजी केइझो ओबुची (१९३७–२०००) व किम दे-जुंग (१९२४–२००९) यांनी काढलेल्या संयुक्त घोषणेत जपानने कोरियाची लेखी क्षमा मागितली आणि कोरियाने जपानच्या युद्धोत्तर शांततामय वाटचालीची दखल घेतली. लगेच कोरियाने जपानी लोकप्रिय संस्कृतीवरील बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्यास प्रारंभ केला. १४ ऑगस्ट २०१५ रोजी आबे यांनी पूर्वीची निवेदने कायम असल्याचे सांगून, युद्धाशी संबंध नसलेल्या भावी पिढ्यांवर सतत क्षमा मागण्याची वेळ येऊ नये, असेही म्हटले. जपान-कोरिया (२००२–०५, २००७–१०) व जपान-चीन (२००६–१०) यांच्या इतिहासकारांच्या समित्यांनी अहवाल दिले. त्यांत अनेक घटनांविषयी परस्परांची मते शेजारी शेजारी मांडली गेली. सर्वमान्य इतिहास मात्र सिद्ध झाला नाही.

जर्मनीशी तुलना : या संदर्भात जर्मनीचा दाखला नेहमी दिला जातो. पश्चिम जर्मनीने १९५२ च्या लक्झेंबर्ग करारान्वये इझ्राएलला ३०० कोटी मार्क देण्याचे मान्य केले. ७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सेलर व्हिली ब्रांट (१९१३–९२) वॉर्सा येथे ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले आणि १९७२ पासून जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग काम करू लागला. २००० मध्ये शासन व उद्योग यांनी मिळून १,००० कोटी मार्कांचे प्रतिष्ठान स्थापन केले आणि १६ लक्षांहून अधिक सक्तीच्या मजुरांना अथवा त्यांच्या वारसांना रकमा दिल्या. तथापि जर्मनीला आपल्या शेजाऱ्यांबरोबर एकाच आर्थिक व लष्करी संघटनेत नांदावयाचे होते. जपानचे संबंध मुख्यतः अमेरिकेशी राहिले व शेजाऱ्यांशी समेटाची तशी निकड त्याला भासली नाही. शिवाय जर्मनीचेही सर्व वाद मिटलेले नाहीत : २०२२ मध्ये पोलंडने भरपाईची प्रचंड मागणी केली व १९५३ मध्ये पोलंडने हक्क सोडल्याचे सांगून जर्मनीने ती अमान्य केली.

भारताचा संबंध : टोकिओ न्यायाधिकरणातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल (१८८६–१९६७) यांनी भिन्नमत निकालपत्र लिहून सर्व आरोपींस निर्दोष ठरविले. आक्रमक युद्ध हा त्या वेळी आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा नव्हता, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. उलट त्यांविषयीचा पुरावा विपुल असल्याचे म्हटले होते. तरीही जपानमधील राष्ट्रवादी गटांनी या निकालपत्राचा आधार देशाच्या निर्दोषत्वासाठी घेतला व २००५ मध्ये यासुकुनीच्या आवारात पाल यांचे स्मारक उभारण्यात आले. भारत सॅन फ्रॅन्सिस्को परिषदेस उपस्थित राहिला नाही. ९ जून १९५२ रोजी त्याने जपानशी स्वतंत्र तह करून भरपाईचा हक्क सोडला.

समारोप : वरील घटनांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. निवेदने करणे तुलनेने सोपे असते; परंतु एका मंत्र्याची क्षमायाचना दुसऱ्याच्या वक्तव्याने किंवा मंदिरभेटीने फोल ठरते आणि मग पहिलीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली जाते. पीडितांना वगळून केलेले करार न्यायालयांत व जनमतापुढे टिकत नाहीत. दुसऱ्या बाजूने, झालेले करार प्रत्येक सत्तांतराबरोबर मोडले गेल्यास नवे करार करण्याची इच्छाच मावळते. सर्वच देशांतील शासनांना देशांतर्गत पाठिंब्यासाठी या स्मृतींचा उपयोग करण्याचा मोह होतो व तशा उपयोगामुळे मूळ अन्यायाची नोंद अधिक स्पष्ट होण्याऐवजी पुसट होते. जे अत्याचार सोसून जिवंत राहिले ते आता अत्यल्प उरले आहेत. त्यांच्या पश्चात त्यांच्या साक्षी, कागदपत्रे व शालेय पुस्तके हीच या स्मृतींची साधने राहणार असल्याने, ती प्रामाणिकपणे जतन करण्याची जबाबदारी संबंधित सर्व शासनांवर पडते.